झाडांची हजेरी

परवा भाचीकडे, नागपूरच्या नंदनवन वस्तीत गेले होते. सुलूनं तिथं तिसऱ्या मजल्यावर घर घेतलंय, ते दाखवायला हौसेनं बोलावलं होतं. ओटा पाहून झाला, कपाटं उघडून झाली, नळाला पाणी किती वाजता येतं तेही कळलं. दिवाणखान्यात तिची मुलगी मिठी फरशीभर पसारा मांडून बसली होती. शाळेत पर्यावरणाचा कसलासा उपक्रम होता आणि झाड करून न्यायचं होतं. झाड सदर बाजारातल्या दुकानातून तयारच आणलेलं. थर्माकोलचं खोड, क्रेप कागदाची पानं, फक्त फुलं चिकटवायची बाकी.

"आजी, केशरी लावू का गुलाबी?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, आधी झाड कोणतं ते तर सांग. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, झाड आहे. मला हसू आलं आणि रागही आला, आणि राग कोणावर काढायचा ते कळेना. केशरी लाव म्हटलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले.

खाली गाड्या, गच्च्या, काळ्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी. फाल्गुनातलं ऊन नुकतं चटका द्यायला लागलं होतं. मी डोळे बारीक करून एक विहीर शोधत होते. विहिरीजवळ वाटेचं वळण, वळणावर बांध आणि बांधावर माझा पळस. इथंच कुठेतरी, या चादरींच्या खाली. दिशेचा अंदाज घ्यायला तेव्हाचं काहीच उरलेलं नव्हतं. सूर्य तेवढा होता.

तेव्हा नंदनवनात नुसती शेतं होती. तूर असायची, ज्वारी असायची, मधूनमधून वांग्याचे वाफे. त्या शेतांच्या कडेला आमचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. बाबा गिरणीत होते. गिरणीचा भोंगा झाला की आई चुलीवर चहाचं आधण ठेवायची, आणि मी दप्तर घेऊन निघायची. शाळा जुन्या शहरातल्या महाल भागात. वाट लांब, पण मला ती कधी लांब वाटली नाही. तुरीचा ओला वास संपला की विहिरीच्या शेवाळाचा वास यायचा, मग नाल्याचा, तिथं नाक दाबायचं, आणि महालाच्या गल्लीत शिरलं की तळणाचा. रिक्षेवाले सीटवर पाय दुमडून डुलक्या घेत असायचे. शाळेच्या ओसरीवर खडूची आणि दमट सतरंजीची हवा भरलेली असायची. आजही कुठे जुनी सतरंजी झटकली की मी चौथीत जाऊन बसते.

चौथीला आम्हाला नवीन बाई आल्या. आमच्या नेहमीच्या मोठ्या बाई लांबच्या रजेवर गेल्या होत्या, त्यांच्या जागी वर्षभरासाठी. तरुण, सावळ्या, सुती पातळ, पायात साध्या चपला. भंडाऱ्याकडच्या कुठल्याशा खेड्यातल्या. लहानपणी वडिलांचं बोट धरून त्या पहिल्यांदा नागपूरला आल्या त्या धम्मदीक्षेच्याच दिवशी, आणि एवढी माणसं एका जागी पाहून त्यांना वाटलं होतं, नागपुरात रोज असंच असतं. हे त्यांनीच आम्हाला हसत हसत सांगितलं होतं. त्या आमच्याशी आमच्याच बोलीत बोलायच्या. मोठ्या बाई पुस्तकासारखं बोलायच्या, त्यामुळे आम्हाला आधी वाटलं, या खऱ्या बाई नाहीतच.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमची नावं काढून घेतली. प्रत्येकाला एक झाड दिलं. जे ज्याच्या वाटेवर असेल ते त्याचं. हजेरी झाडाच्या नावानं व्हायची. "कडुलिंब?" अशी हाक आली की कडुलिंबवाल्यानं उभं राहायचं आणि झाड आज काय करतंय ते एका वाक्यात सांगायचं. हजर बाई, लिंबोळ्या पडताहेत. हजर बाई, चिंचेवर माकडं आलीत. शेवग्याला शेंगा लागल्या आणि आईनं तोडल्याही. कालचं वाक्य आज चालायचं नाही. कोणी न बघताच आलं असेल तर त्यानं तसं सांगायचं. मार नाही, कान धरणं नाही. बाई फक्त म्हणायच्या, "झाड हजर, तू गैरहजर." ते मात्र फार लागायचं. छडी परवडली असती.

आमच्या वर्गात वसंता नावाचा एक वानर होता. त्याच्याकडे बाभूळ होती. सुरुवातीला तो खुशाल थापा मारायचा. बाभळीवर वाघ बसला होता, म्हणाला एकदा. बाई म्हणाल्या, उद्या वाघाचं चित्र काढून आण, बाभळीवर बसलेलं, काट्यांसकट. त्यानं काढून आणलं. वाघ राहिला बाजूला, काटे मात्र असे काढले होते की बघणाऱ्यानं बोट मागं घ्यावं. काटे जोडीजोडीनं असतात हे वर्गात कोणालाच माहीत नव्हतं. त्या दिवसापासून वसंता बाभळीबद्दल खोटं बोलला नाही. बाकी सगळ्याबद्दल बोलायचा.

पळस माझ्या वाट्याला आला, कारण तो दुसऱ्या कोणाच्या वाटेवर नव्हताच. मी त्याचं नाव सांगितलं तेव्हा बाईंचा चेहरा बदलला. त्यांच्या गावाला होळीच्या आधी चारी बाजूंनी पळस फुलायचा म्हणे, पान एकही नाही, नुसती केशरी फुलं. शिकायला म्हणून शहरात आल्यापासून त्यांनी फुललेला पळस पाहिलाच नव्हता. होळीला आपण आपल्या पळसाच्या फुलांचा रंग करू, त्या म्हणाल्या. वर्गातच उकळू. पळस तुह्याकडे आहे, तू सांगशील तेव्हा.

झालं. मी त्या वर्षी दुसरं काही शिकलेच नाही असं आई म्हणायची.

आणि ते दिवस. आता आठवते तेव्हा सगळं एकाच लांब दुपारी घडल्यासारखं वाटतं. चुलीतला कोळसा कागदावर घासून खाली ठेवलेल्या पानाच्या शिरा वर आणायच्या. कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरांची मागची बाजू. पारिजातकाची देठं कुस्करून केशरी रंग, हळदीत चुना कालवून लाल, जांभळाचा जांभळा, काजळीचा काळा. बाभळीच्या काडीचं टोक दातांनी चावून चावून कुंचला करायचा, मग दिवसभर तोंड तुरट. डोळे मिटून झाडाखाली बसायचं आणि कान द्यायचा. पिंपळ कोरड्या दिवसातही पावसासारखा वाजतो, चिंच जवळजवळ वाजतच नाही. पळसाचं पान जाड, चामड्यासारखं, ते पाठीवर थाप मारल्यासारखं वाजायचं. मी रोज त्याचं एक पान गालाला लावून पुढं जायची. खालची बाजू लवदार, गार. तो गारवा मला अजून या गालावर सापडतो.

पोळ्याच्या आठवड्यात बाईंनी नाल्याकाठची काळी माती आणवली आणि आम्ही बैल केले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पोरांचा तान्हा पोळा असतो, लाकडाचे नंदी सजवून दारोदार फिरवायचे. ज्यांच्याकडे लाकडाचा नंदी नव्हता त्यांच्यासाठी हे मातीचे. वर्गाच्या ओसरीवर ओळीनं वाळत होते. एकाचंही शिंग दुसऱ्यासारखं नव्हतं.

पोळ्याच्या दिवशी मी आईच्या हाताखाली होते. पुरण वाटून हात भरून आले होते. दुपारी दारात वसंता आला. अंगावर ओरखडे, तोंडभर हसू, खांद्यावर पळसाची भली मोठी फांदी.

"घे वं, तुह्याच झाडाचा मेढा. शेंड्यावरचा. मीच चढलो."

मेढे म्हणजे पोळ्याला दाराच्या दोन्ही बाजूंना लावायच्या पळसाच्या फांद्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या काढायच्या, आणि रोगराई, माशा, मच्छर, ढेकूण सगळं घेऊन जा गे मारबत, असं इडापीडा नेणाऱ्या मारबतीला ओरडून सांगत वस्तीबाहेर नेऊन टाकायच्या. दरवर्षी खेड्यातली माणसं मेढे बाजारात आणायची. या वर्षी आमच्या वर्गातल्या पोरांनी घरोघरी सांगितलं, बाजारातून कशाला, आपल्या वर्गाचा पळस आहे ना. रोज सकाळी मी उभी राहून त्याचं गुणगान गात होते. नवी पालवी मोठी झाली, पानं पत्रावळीएवढी झाली, वळणावरच्या विहिरीजवळ, बांधावर. सगळ्या वर्गाला पत्ता पाठ झाला होता. पोरं प्रेमानंच गेली होती. परक्या झाडाला कोण कशाला हात लावतंय.

मी हात न धुताच पळत सुटले. बांधावर एक खोड उभं होतं. विहिरीच्या अंगाला कललेली एक वाकडी फांदी तेवढी राहिली होती, तिथं चढायची कोणाची छाती झाली नसेल. बाकी नुसती खुंटं, आणि खुंटांवर लाल थेंब. मी बोट लावलं तर चिकट. घरी येऊन आईला म्हटलं, त्याला रक्त येतंय. आई म्हणाली, रक्त नाही वं ते, डिंक आहे, बाळंतिणीच्या लाडवात घालतात. आणि पुरणाचं बोट माझ्या तोंडात घातलं. आमच्या दाराच्या चौकटीला टेकून माझा पळस उभा होता, पानं अजून टवटवीत. दुसऱ्या पहाटे आईनंच तो नाल्यापलीकडे नेऊन टाकला. सगळी वस्ती ओरडत होती. मी गोधडीत तोंड खुपसून पडले होते.

तिसऱ्या दिवशी शाळा भरली. कडुलिंब हजर, चिंच हजर, शेवगा हजर. बाभूळ हजर म्हणाली, पण आज हळू म्हणाली.

"पळस?"

मी उभी राहिले. बाईंनी पुन्हा हाक मारली. मग मी म्हटलं, "बाई, पळस सगळ्यांच्या दारात होता. काल फेकून दिला."

बाईंना आधी कळलं नाही, मग कळलं. त्या खुर्चीवर बसल्या. बराच वेळ त्या मातीच्या बैलांकडे बघत होत्या. मला वाटलं आता वर्गाला ओरडतील, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं. प्रत्येकाला दोन दोन छड्या, वसंताला चार.

"चूक माही आहे," त्या म्हणाल्या. "झाड पाहा, झाड पाहा म्हणून मीच तुमच्या मागं लागली. दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरी मेढे लावत नाही. तं पोळा आला, तरी हे माह्या ध्यानातच आलं नाही."

एवढंच. कोणाला रागावल्या नाहीत. संध्याकाळी शाळा सुटल्यावर सगळा वर्ग त्यांच्या मागं पळसाकडे आला. प्रत्येकाच्या हातात आपापला बैल. खोडाभोवती रिंगण करून बैल उभे केले, तोंडं बाहेर, शिंगं रोखलेली. राखणीला. वसंतानं आपल्याच बाभळीचे काटे आणून कुंपण घातलं आणि हात फाडून घेतले. पावसात बैल विरघळले. आम्ही पुन्हा केले, ते पुन्हा विरघळले. आश्विनात खुंटांना कोवळे तांबूस फुटवे आले तेव्हा मी इतक्या जोरात हजर म्हटलं की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले.

हिवाळाभर वसंता डालड्याच्या डब्यानं विहिरीचं पाणी घालायचा. त्याच्याशी मी बोलत नव्हते, पण डब्याची एक बाजू धरायची. फुटवे वाढले, पानं झाली, थंडीत ती पानं पिवळी पडून गळालीही. सगळं रीतीप्रमाणे. आता कळ्या यायला हव्या होत्या, मखमली, तपकिरी, पोपटाच्या चोचीसारख्या वळलेल्या. बाईंनी फळ्यावर काढून दाखवल्या होत्या. मी रोज मान वर करून एकेक फांदी बघायची. मोठ्या बाई होळीनंतर परत येणार हे आम्हाला तोवर कळलं होतं. म्हणजे आमच्या बाई जाणार. त्यांनी पळस फुललेला पाहून जावं एवढंच मला हवं होतं, दुसरं काही म्हणजे काही नको होतं. आईनं मारुतीला नारळ बोलायला सांगितला, तो बोलले. पिराला ऊद बोलले. रोज सकाळी वर्गात तेच.

"पळस?"

"हजर बाई. कळी नाही."

कालचं वाक्य आज चालत नाही हा नियम बाईंनी त्या दिवसांत माझ्यापुरता सोडून दिला होता.

होळीच्या आदल्या दिवशी, बाईंचा तो शेवटचा दिवस, पोरं सकाळी फार आधी आली आणि मला वाटेतूनच ओढून पळसाकडे घेऊन गेली. संक्रांतीच्या फाटक्या पतंगांचा केशरी कागद सगळ्यांनी जमवला होता. चुरगाळून, दोऱ्यानं बांधून शेकडो फुलं केली होती, आणि वसंता झाडावर होता. या वेळी तो एकेक फांदी हळूच धरत होता. बाईंना आणलं तेव्हा ऊन वर आलं होतं. वाऱ्यानं सगळा पळस कागदासारखा सळसळला, कागदच होता तो. लांबून मात्र फुललेला.

बाई हसल्या. मग बांधावर बसल्या आणि पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा हसल्या. फार सुंदर आहे, म्हणाल्या, असा पळस माह्या गावालेही नाही. वसंताच्या पाठीवरून हात फिरवला. मग उभ्या राहिल्या, माझ्याकडे पाहिलं आणि वर्गात मारायच्या तशी हाक मारली.

"पळस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. एक फूल आलंय म्हणून सांगितलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं.

"हजर बाई," मी म्हटलं. "फुलला नाही."

बाईंनी माझा हात धरला. त्यांचा तळवा खडूनं खरखरीत झालेला असायचा. "फुलला का मले सांगजो," त्या म्हणाल्या. कुठं सांगायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी होळी, मग धुळवड, आणि नंतर शाळा उघडली तेव्हा खुर्चीवर मोठ्या बाई होत्या.

हजेरी पुन्हा आकड्यांची झाली. पाचवीतही त्याच बाई वर्गाला मिळाल्या. वाईट नव्हत्या, उगाच कशाला बोलू, पण आकडा घेताना मान वर करायच्या नाहीत. आम्हीही हळूहळू हजर एवढंच म्हणायला शिकलो. पोळा आला, गेला. त्या वर्षी वसंता सकाळपासून पळसाखाली काठी घेऊन बसला होता, सणाचं जेवणही त्यानं तिथंच खाल्लं. लोकांनी मेढे बाजारातून आणले.

आणि फाल्गुनात एका सकाळी वळणावर आले तर माझे पायच थांबले. रात्रीतून कोणी केलं असेल असं वाटलं, मी कागद आहे का बघायला हात लावला. फूल जड होतं, लवदार, आत मधाचं ओलं. खुंटांच्या जागी फुटलेल्या प्रत्येक फांदीवर. साळुंक्या भांडत होत्या, मुंग्यांची रांग लागली होती, बांधावर, विहिरीच्या पाण्यावर, वाटेच्या धुळीत केशरी पाकळ्या. मी शाळेपर्यंत पळत गेले, नाल्यापाशी नाक दाबायचंही विसरले.

हजेरी चालू होती. माझा आकडा आला. मी उभी राहिले आणि म्हटलं, "हजर बाई. पळस फुलला."

मोठ्या बाईंनी मान वर केली. काय म्हणालीस, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून वसंता उठला. त्याचा आकडा अजून यायचा होता. "बाभूळ हजर बाई, शेंगा वाळल्या." मग कडुलिंब उठला, त्याची पानं झडत होती. चिंच उठली. शेवगा उठला, आता त्यांनी घर बदललं होतं तरी उठला. एकामागून एक सगळा वर्ग. मोठ्या बाईंनी लेखणी खाली ठेवली आणि शेवटच्या झाडापर्यंत ऐकून घेतलं. मग आकडे न घेताच पुस्तक उघडायला सांगितलं.

त्या होळीला आम्ही पळसाचा रंग केला, आमच्याच अंगणात, आईच्या गंजात, त्या मोठ्या पातेल्यात. उकळत्या फुलांचा तो गोडसर, मातकट वास घरभर भरला होता. माझ्या फ्रॉकला पडलेला डाग शेवटपर्यंत निघाला नाही आणि मी काढूही दिला नाही. पण बाईंना सांगायचं राहिलं. कुठल्या शाळेत गेल्या, कुठल्या गावाला, कोणालाच धड सांगता आलं नाही. पुढं विहीर बुजली, प्लॉट पडले, आम्ही घर सोडलं. पळस कधी गेला ते मला माहीत नाही. मी तेव्हा बघत नव्हते.

गॅलरीत मिठी शेजारी येऊन उभी राहिली. हाताला डिंक, बोटांना केशरी कागद चिकटलेला.

"आजी, तुम्ही काय पाहून राहिल्या?"

मग मी तिला सगळं सांगितलं, झाडांची हजेरी कशी व्हायची ते. वाघ सांगितला, बैल सांगितले. तिनं मन लावून ऐकलं. तुमचं झाड कुठं होतं म्हणाली, तर मी अंदाजानंच बोट दाखवलं. तिथं पत्र्याच्या शेडखाली स्कूटर उभ्या होत्या. तिनं वाकून शेडकडे पाहिलं. मग विचार करून म्हणाली, "म्हणजे झाड गैरहजर, तुम्ही हजर."

मी हो म्हटलं.

"पण कालचं वाक्य चालत नाही ना?" ती म्हणाली. "मग उद्या काय सांगाल?"

मी तिच्या बोटाला चिकटलेला केशरी कागद काढून हातात घेतला.

"उद्या सांगीन," म्हटलं, "बाई, पळस फुलला होता."